हें वचन कोणाचें?

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १३, ओव्या ११ ते ३२



बेथेल येथील म्हाताऱ्या संदेष्ट्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांत फारशी सांगण्यांत येत नाहीं. ती ऐकतांना मन अवघडतें. यहूदा देशांतून देवाचा एक माणूस बेथेलास आला व यराबाम राजानें उभारलेल्या वेदीविरुद्ध त्यानें राजाच्या तोंडावर साक्ष दिली. पुढें राजानें त्याला घरीं जेवावयास बोलाविलें आणि देणगीहि देऊं केली. पण राजानें आपलें अर्धें घर दिलें तरी आपण येथें अन्नपाणी घेणार नाहीं, असें सांगून तो निघाला. येथें खाऊं नये, पिऊं नये, आल्या वाटेनें परत जाऊं नये, अशी त्याला परमेश्वराची आज्ञा होती. वाटेंत तो एका झाडाखालीं बसला असतां म्हातारा संदेष्टा गाढवावर बसून त्याच्या मागोमाग आला आणि त्यानेंहि तेंच आमंत्रण दिलें. देवाच्या माणसानें पुनः नकार दिला. तेव्हां म्हातारा म्हणाला कीं, मीहि संदेष्टा आहें, आणि परमेश्वराच्या वचनावरून एका दूतानें मला तुला घरीं नेण्यास सांगितलें आहे. तो खोटें बोलत होता, हें शास्त्र तेथल्या तेथेंच सांगून टाकतें.

देवाचा माणूस उठला, त्याच्या घरीं गेला, जेवला. आणि परततांना सिंहानें त्याला मारिलें.

आतां पाहा, राजाच्या अर्ध्या घराला जो भुलला नाहीं तो एका म्हाताऱ्याच्या भाकरीला कसा भुलला? भाकर तीच होती. फरक काय तो नांवाचा. राजानें आमंत्रण आपल्या नांवानें दिलें, म्हणून तें तपासून नाकारतां आलें. म्हाताऱ्यानें त्यावर देवाच्या नांवाचा शिक्का मारला, आणि शिक्का पाहिल्यावर नाणें वाजवून पाहावें हें त्या भल्या माणसाला सुचलें नाहीं.

हा अध्याय माझ्या मनांत पुनः जागा झाला तो एका शाळकरी मुलीमुळें.

गेल्या वर्षीं पांच सप्टेंबरला, शिक्षकदिनीं, वडनेर भोलजी येथील एका शाळेंत मला दोन शब्द बोलण्यास बोलाविलें होतें. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर भिंतीवर एक तक्ता टांगलेला आहे. महाराष्ट्रांत ज्यानें शाळेची पायरी चढली आहे त्याला त्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. वर दाढीवाल्या अब्राहम लिंकन यांचें चित्र, व खालीं त्यांनीं आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांस लिहिलेलें म्हणून एक पत्र. जगांत लबाड आहेत तसे थोर पुरुषहि आहेत, हें माझ्या मुलाला कळूं द्या. स्वकष्टाची थोडी मिळकत रस्त्यांत सांपडलेल्या धनाहून श्रेष्ठ, हें त्याला शिकवा. फसवून जिंकण्यापेक्षां हरण्यांत अब्रू आहे, हें त्याच्या मनावर ठसवा. पुस्तकें वाचवून घ्या, पण पाखरांकडे पाहावयासहि त्याला सवड द्या. असा त्या पत्राचा आशय आहे. त्याला मराठी रूप कविवर्य वसंत बापट (१९२२–२००२) यांनीं दिलें. तें इतकें घरगुती उतरलें आहे कीं, वाचणाऱ्याला तें आपल्याच बापानें लिहिल्यासारखें वाटावें. मींहि तें उपासनेंत दोनदां वाचून दाखविलें आहे, आणि दोन्ही वेळां "महापुरुष लिंकन म्हणतात" असें म्हणून.

त्या दिवशींहि वाचलें. वाचन संपल्यावर आठवीच्या वर्गांतील एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, लिंकन यांना मुलगे किती होते? आणि हें पत्र त्यांच्यापैकीं कोणाच्या हेडमास्तरांना लिहिलें?"

मला उत्तर आलें नाहीं. शिक्षक तिला खालीं बसवूं लागले, पण मीच म्हणालों कीं, बाई, पुढच्या खेपेस सांगतों. वचन दिल्यावर शोधणें भागच होतें.

लिंकन यांना चार मुलगे होते. वडील रॉबर्ट १८४३ सालीं जन्मला. दुसरा एडवर्ड चार वर्षांचा होण्यापूर्वींच १८५० सालीं वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस जन्मलेला विली १८६२ च्या फेब्रुवारींत, बाप राष्ट्राध्यक्ष असतांना, अकरा वर्षांचा होऊन गेला. धाकटा टॅड याची जीभ जड होती. राष्ट्राध्यक्षांच्या निवासांत त्याला शिकविण्यास घरींच शिक्षक येत, आणि बापाच्या हयातींत तो धड वाचावयासहि शिकला नव्हता. राहिला रॉबर्ट. तो १८५९ सालीं सोळा वर्षांचा झाल्यावर एक्झिटर येथील विद्यालयांत गेला व तेथून हार्वर्डला. सोळा वर्षांच्या तरुणासाठीं बाप मास्तरांस असें पत्र लिहील, हें मला पटत नाहीं. पण माझ्या पटण्या न पटण्याला पुरावा म्हणतां येणार नाहीं.

पुरावा दुसरीकडे आहे. रॉय बॅसलर या विद्वानाच्या देखरेखीखालीं लिंकन यांचें समग्र लेखन १९५३ सालीं आठ खंडांत प्रसिद्ध झालें, व पुढें त्याला पुरवण्याहि जोडल्या गेल्या. सेनापतींना केलेल्या तारा, नोकरी मागणाऱ्यांच्या अर्जांवर मारलेले शेरे, दोन ओळींच्या चिठ्ठ्या, असें सर्व कांहीं त्यांत आहे. हें पत्र मात्र त्यांत नाहीं. उलट याच आशयाचा, पुष्कळ भागीं याच शब्दांचा एक मजकूर अमेरिकेंत डॅन व्हॅलेंटाइन नांवाच्या वृत्तपत्रलेखकाच्या नांवानें छापलेला आढळतो. त्यांतला बाप मास्तरांशीं बोलत नाहीं, जगाशीं बोलतो : आज माझा मुलगा शाळेंत निघाला आहे, जगा, त्याचा हात धर. तो वाचतांना राष्ट्राध्यक्षांच्या दौतीपेक्षां छापखान्याच्या शाईचाच वास अधिक येतो.

ज्या लिंकन यांचें स्वतःचें सगळें शालेय शिक्षण जमेस धरलें तरी एक वर्षाचें भरत नव्हतें, त्यांच्याच नांवाखालीं आपण शाळाशाळांतून हें पत्र टांगलें.

असें कसें होतें, हें दुसऱ्या एका उदाहरणावरून चांगलें समजतें. "प्रभो, मला तुझ्या शांतीचें साधन कर" अशा आशयाची प्रार्थना आपल्यापैकीं पुष्कळांना पाठ आहे, आणि ती आसीसीच्या संत फ्रान्सिसची म्हणून आपण शिकलों. फ्रान्सिस वारला १२२६ सालीं. ही प्रार्थना मात्र पहिल्यानें छापलेली सांपडते ती १९१२ सालीं, पॅरिस येथील एका लहानशा फ्रेंच धार्मिक मासिकांत, लेखकाच्या नांवावांचून. पुढें महायुद्धाच्या काळांत कोणीं तरी ती एका चित्राच्या पाठीवर छापली. चित्र फ्रान्सिसचें होतें. प्रार्थना फ्रान्सिसची आहे, असें त्या कागदावर लिहिलेलें नव्हतें. पण पुढें चित्र आणि मागें प्रार्थना पाहून लोकांनीं गांठ मारली. १९२७ सालीं क्वेकर मंडळाच्या एका इंग्रजी नियतकालिकानें ती त्या संताच्याच नांवानें छापली. म्हणजे ही चूक पक्की करण्यांत रोमन मंडळीइतकाच आपला प्रॉटेस्टंटांचाहि हात आहे, हें येथें नमूद केलेलें बरें. कोणी लबाडी केली नाहीं. एका कागदाला दोन बाजू होत्या, एवढेंच.

पण प्रत्येक वेळीं तें इतकें निरुपद्रवी नसतें. विल्यम बोएट्कर नांवाचे एक प्रेस्बिटेरियन पाळक, जन्मानें जर्मन, अमेरिकेंत राहत. बलवानाला खालीं ओढून दुर्बळ वर येत नाहीं, अशा धर्तीचीं दहा वाक्यें त्यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलीं. १९४२ सालीं एका संस्थेनें एक पत्रक काढलें. त्याच्या एका बाजूस लिंकन यांचें वचन होतें व दुसऱ्या बाजूस हीं दहा वाक्यें. पुढच्या छपाईंत पाळकांचें नांव गळलें, आणि सगळेंच लिंकन यांचें झालें. १९९२ सालीं माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं पक्षाच्या मोठ्या अधिवेशनांत तीं वाक्यें लिंकन यांचीं म्हणून सांगितलीं आणि सभेनें टाळ्या वाजविल्या. बोएट्कर १९६२ सालीं वारले. त्यांचीं वाक्यें तुम्हांला पटोत वा न पटोत (मला स्वतःला सगळींच पटत नाहींत), पण शेजाऱ्याचा बैल सोडून आणून पाटलाच्या गोठ्यांत बांधला तर ती चोरीच होते, मग पाटलाला त्याची खबर असो कीं नसो.

येथपर्यंत मी जगाच्या चुका सांगितल्या. आतां माझी सांगतों. त्या मुलीच्या प्रश्नानें मला खरें बोचलें तें लिंकन यांच्यामुळें नव्हे.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास, कापसाची वेचणी चालू असतां, आमच्या मंडळींतील एक विधवा बहीण माझ्याकडे आली. तिचा नवरा त्याच पावसाळ्यांत वारला होता. शेत नाहीं, घरीं एक मुलगी. मंडळीच्या गरिबांच्या निधींतून दोन महिन्यांपुरतें धान्य मिळावें, अशी तिची विनंती होती. निधि त्या वेळीं आटलेला होता आणि तें सांगण्याचा मला संकोच वाटला. खरें कारण झांकण्यासाठीं मीं मोठें कारण पुढें केलें. मी म्हणालों, "बाई, शास्त्र म्हणतें, जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो." ती कांहीं बोलली नाहीं. पदर सावरून गेली, आणि अंगांत ताप असतांना दुसऱ्या दिवशीं वेचणीला उभी राहिली.

तीन आठवड्यांनीं ती मुलीला घेऊन पुनः आली. मागावयास नव्हे. तिला स्वतःला वाचतां येत नाहीं. तिनें मुलीला तें वचन शोधावयास सांगितलें होतें. देवानें आपल्याविषयीं नेमकें काय म्हटलें आहे, तें एकदां पुरतें ऐकावें म्हणून. रोज रात्रीं चुलीपाशीं बसून त्या पोरीनें नीतिसूत्रांचे एकतीसहि अध्याय मोठ्यानें वाचले होते, आणि मग स्तोत्रें धरलीं होतीं. मुलगी मला म्हणाली, "पाळकबाबा, तें वचन कोठें आहे? आम्हांला सांपडत नाहीं."

मी शब्दसूची घेऊन बसलों. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत तें वचन कोठेंच नाहीं. इसापाच्या नांवावर चालणारी एक जुनी गोष्ट आहे : एका गाडीवानाचें चाक चिखलांत रुतलें, तो खालीं बसून हर्क्युलीस देवाचा धांवा करूं लागला, तेव्हां देवानें त्याला आधीं चाकाला खांदा लाव म्हणून सांगितलें. आपल्या काळ्या जमिनींत ज्यानें पावसाळ्यांत बैलगाडी हांकली आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. तिचें सार म्हणींत उतरलें. इंग्रजींत ती म्हण अल्जर्नन सिडनी यांच्या १६९८ सालीं छापलेल्या ग्रंथांत आहे, आणि १७३६ सालीं बेंजामिन फ्रँकलिन यांनीं आपल्या पंचांगांत घातली. म्हणजे मीं त्या बाईला परमेश्वराच्या नांवानें जें दिलें, तें पंचांगांतलें वाक्य होतें.

म्हण म्हणून ती वाईट नाहीं. हरि खाटल्यावर आणून देईल म्हणून लोळत पडणाऱ्याला ती अवश्य ऐकवावी. पौलानेंहि थेस्सलनीकाकरांना कडक शब्दांत लिहिलें आहे (२ थेस्सल. ३:१०), पण तो बोलतो काम करण्याची इच्छा नसणाऱ्याविषयीं, काम मिळत नसणाऱ्याविषयीं नव्हे, आणि तापानें फणफणलेल्या विधवेविषयीं तर मुळींच नव्हे. तिच्याविषयीं शास्त्र जें म्हणतें तें त्या म्हणीच्या उलट आहे. आपण निर्बल होतों तेव्हांच ख्रिस्त आपल्यासाठीं मेला (रोम. ५:६). यरीहोच्या वाटेवर अर्धमेला पडलेला माणूस स्वतःला काय मदत करणार होता? शोमरोन्यानें त्याला तसें विचारलें नाहीं. जखमांवर तेल ओतलें आणि उचलून जनावरावर घातलें.

मी त्यांच्या घरीं गेलों, आणि मुलीच्या देखत सांगितलें कीं तें वचन शास्त्रांत नाहीं, तें माझें बोलणें होतें, आणि निधींत पैसे नव्हते हें सांगण्याची मला लाज वाटली होती. ती बाई बराच वेळ चुलींतलीं लांकडें पुढें सारीत राहिली. मग म्हणाली, "मंग बरं झालं, बाबा. देवानं म्हटलं असतं तं मले लय लागलं असतं. मानसाचं काय, मानूस बोलतेच."

बेथेलचा म्हातारा संदेष्टाहि शेवटीं रडला. वाटेंत पडलेलें तें प्रेत त्यानें स्वतः आणलें, आपल्या थडग्यांत ठेविलें, आणि आपलीं हाडें त्याच्या हाडांशेजारीं ठेवावीं असें मुलांना सांगितलें. म्हाताऱ्याच्या मनांत त्या पाहुण्याविषयीं द्वेष होता, असें मला वाटत नाहीं. त्याला एका देवमाणसाची संगत हवी होती, आणि आपल्या स्वतःच्या नांवानें ती मिळाली नाहीं. मलाहि त्या दिवशीं माझा नकार माझ्या नांवावर पुरेसा जड वाटला नव्हता.

उपदेशक बंधूंनो, तुमच्यापैकीं पुष्कळजण आठवड्यास तीन तीन गांवीं बोलतां, पुस्तकें हाताशीं नसतात, आणि आतां तर मोबाइलवर रोज सकाळीं कोणा ना कोणा थोर पुरुषाच्या चित्राखालीं एक नवें वाक्य येऊन पडतें. तें आवडलें तर सांगूं नये, असें मी म्हणत नाहीं. पण शास्त्रांतील लेखक अशा वेळीं काय करतात तें पाहा. अथेन्स येथें पौलाला ग्रीक कवीची एक ओळ उपयोगी पडली. ती अराटस या कवीची होती, आणि अराटस पौलाच्याच किलिकिया प्रांतांतला. ती ओळ यशयाची म्हणून खपविली असती तर त्या सभेंत कोणाला कळलें असतें? पौलानें ती तुमच्याच कवींची म्हणून सांगितली (प्रे. कृ. १७:२८). आणि घेण्यापेक्षां देण्यांत धन्यता आहे, हें प्रभूचें वचन तर चारी शुभवर्तमानांत कोठें सांपडत नाहीं, तें आपणांस मिळालें तें केवळ पौलानें इफिसच्या वडिलांना निरोप देतांना प्रभूचें नांव घेऊन त्याची आठवण दिली म्हणून (प्रे. कृ. २०:३५). एका मनुष्यानें प्रामाणिकपणें सांभाळलेल्या नांवाची किंमत एवढी आहे.

इब्री लोकांस लिहिलेलें पत्र घ्या. त्याचा लेखक कोण, यावर पहिल्या शतकांपासून वाद आहे. ओरिगेनानें तिसऱ्या शतकांतच म्हटलें कीं तें देवालाच ठाऊक. कित्येक जुन्या प्रतींच्या मथळ्यावर पौलाचें नांव घातलें गेलें. पत्रांत मात्र लेखकानें आपलें नांव कोठेंच घातलेलें नाहीं. आणि गंमत अशी कीं, त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत लेखकाला आठव्या स्तोत्रांतील शब्द सांगावयाचे आहेत, तर तो एवढेंच म्हणतो कीं कोणीं एकानें कोठें तरी अशी साक्ष दिली आहे (इब्री २:६). ज्याला तें स्तोत्र तोंडपाठ होतें तो "कोणीं एकानें" म्हणावयास लाजला नाहीं. मग आपल्याला खरोखरच ठाऊक नसतां तसें म्हणण्याची लाज कां वाटावी?

यंदाच्या पांच सप्टेंबरला मी ठरल्याप्रमाणें वडनेर भोलजीस गेलों. मुलगी आतां नववींत आहे. तिला चारी मुलग्यांचीं नांवें व वर्षें सांगितलीं, आठ खंडांविषयीं सांगितलें. हेडमास्तरांनीं काळजीनें विचारलें कीं, मग तक्ता उतरवावा काय? मी नको म्हणालों. पत्रांत सांगितलेलें बहुतेक सर्व खरें आहे आणि मुलांच्या कामाचें आहे. तें कोणा थोर माणसानें सांगितल्यामुळें खरें झालेलें नाहीं. दुपारीं त्या मुलीनें वहीचा एक कागद फाडून त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलें : "हें पत्र लिंकन यांनीं लिहिल्याचा पुरावा नाहीं. मूळ लेखक अज्ञात. मराठी : वसंत बापट." तो तिनें कांचेच्या खालच्या कोपऱ्यास डिंकानें चिकटविला. मग हेडमास्तरांनीं दरवर्षींप्रमाणें मला वाचण्यास सांगितलें, आणि मीं तें सगळें वाचलें, खालच्या चिठ्ठीसकट.